शेवटचं दार माझं

११ जानेवारी

चि. खटपट्यास अक्काचे आशीर्वाद.

टपालाचं पाकीट बघून दचकला असशील. तुझी ही आतेबहीण गेली की काय, असं वाटलं असेल. अजून आहे. घरातले दोन्ही फोन बंद करून कपाटात टाकलेत म्हणून कागद घेतला. शिवणाच्या मशीनवरच वही ठेवून लिहितेय, ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस.

मासोळीचं ऐक. तुझी भाची तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते, एवढं तुला माहीत आहे. त्या तलावाच्या वेबसाइटवर पालकांनी आपलं मत लिहायचं एक पान आहे. गेले काही महिने तिथे कुणीतरी हिच्याबद्दल लिहितंय. ही म्हणे रडणाऱ्या मुलांची डोकी पाण्याखाली दाबून धरते. चिमटे काढते. दर वेळी नवं नाव, कधी कुणाची आई, कधी कुणाचे आजोबा, पण भाषा एकाच माणसाची. मग आमच्या घरचा नंबरही तिथे टाकला. त्यानंतर जे फोन आले ते मी तुला लिहू शकत नाही.

जिच्या हातून झुरळ मरत नाही ती पोरांना बुडवणार! व्यवस्थापकांनी तिला 'थोडी विश्रांती घ्या' म्हणून घरी बसवलंय. माझ्याकडे गणवेश शिवायला येणाऱ्या बायका माप देताना आता छताकडे बघतात. मासोळी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. पोहण्याची पिशवी दाराशी तशीच पडलीय, आतला ओला टॉवेल कुजून वास मारतोय, तरी मला हात लावू देत नाही.

तलावाची वेबसाइट सांभाळणारी मुलगी चांगली आहे. हे लिखाण कुठल्या मशीनवरून आलं ते तिने शोधलं. मशीनं वेगवेगळी निघाली. त्यांतल्या एकाच्या मालकाला आम्ही तिच्याकरवी तक्रार पाठवली आणि लगेच उत्तर आलं. काय लिहावं मेल्याने? 'आपणास झालेल्या त्रासाबद्दल मनापासून खेद आहे. हे यंत्र केवळ इतरांचा मजकूर पुढे पोचवते. तो कुणाचा, याची नोंद ठेवली जात नाही. त्यामुळे सांगणे शक्य नाही.' खाली नावसुद्धा नाही. इतका सभ्य निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नाही.

तू लिफ्ट दुरुस्त करतोस खरा, पण कामावरून आलास की त्या कॉम्प्युटरात डोकं घालून बसतोस. तूच शोध हा कोण आहे ते. पोरगी हातची जाईल रे.

अक्का


१९ जानेवारी

अक्का,

तो मेला म्हणजे मी.

ते उत्तर माझंच आहे. तक्रार तलावाच्या नावाने आली होती. मासोळी कुठल्या तलावावर शिकवते ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी नीट वाचलीही नव्हती. रोजच्यासारखं उत्तर पाठवलं आणि कामावर गेलो.

तुला नीट समजावून सांगतो. जगात बऱ्याच लोकांनी मिळून एक जाळं चालवलंय. कुणाला नाव न सांगता काही वाचायचं किंवा लिहायचं असेल, तर त्याचा मजकूर या जाळ्यातल्या तीन दारांतून जातो. पहिल्या दाराला माणूस दिसतो, पण तो कुठे चाललाय ते कळत नाही. शेवटच्या दाराला तो कुठे चाललाय ते दिसतं, पण माणूस दिसत नाही. शेवटचं दार चालवायला कुणी धजत नाही, कारण बाहेरच्या जगाला फक्त तेच दिसतं आणि सगळ्या शिव्या त्यालाच बसतात. माझं दार शेवटचं आहे. यंत्र भाड्याने घेतलंय, ते एका कंपनीच्या खोलीत असतं. तक्रारी आधी कंपनीकडे जातात, तिथून माझ्याकडे. मी सकाळी चहा घेता घेता त्या वाचतो आणि प्रत्येकाला उत्तर देतो. उत्तर एकच, कारण खरं तेवढंच आहे. 'मनापासून' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. मला त्या उत्तराचा अभिमान होता, अक्का.

हा माणूस दर खेपेला वेगळ्या दारातून बाहेर पडतो. आज ना उद्या माझ्या दारातून जाणारच होता.

तुझं पत्र वाचल्यावर माझ्या यंत्रावरून तलावाच्या वेबसाइटकडे जाणारी वाट मी बंद केली. माझ्या हातात एवढंच होतं. त्याचा उपयोग होईल असं खोटं सांगत नाही. तो दुसऱ्या दाराने जाईल.

मासोळीला मी विचारलंय म्हणून सांग. माझा राग तिने नाही तर तू तरी कर.

खटपट्या


२८ जानेवारी

खटपट्या,

राग करायची परवानगी दिल्याबद्दल आभार. केला.

तू लहान असताना शेजारच्यांचं घड्याळ उघडून ठेवलंस आणि जोडता येईना तेव्हा माझ्या मागे लपलास. ते तरी बरं होतं, निदान स्क्रू कुठे गेले ते तुला ठाऊक होतं. आता म्हणतोस, यंत्र माझं, भाडं मी भरतो, पण आतून कोण गेलं ते मला माहीत नाही! अरे, इमारतीत चोरी झाली तर रखवालदाराला विचारतातच ना? त्याने 'मनापासून खेद आहे' म्हटलं तर लोक त्याला हार घालतील का? आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गप्प बसते. दुसरा कुणी असता तर दारात जाऊन तमाशा केला असता.

बरं, आता कामाचं. मी व्यवस्थापकांना भेटून आले. माणूस वाईट नाही. टापटीप आहे, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, ते घाणेरडं लिखाण पुसून का टाकत नाही? तर म्हणाले, 'बाई, आम्ही पुसलं तर पालकांना वाटेल, झाकतोय.' मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली. हे सगळं सुरू होण्याआधी त्याच पानावर आणखी एक निनावी लिखाण आलं होतं. तलावाच्या तळाशी पाणी ओढणारी जाळी सैल झालीय, एका मुलीचे केस तिच्यात ओढले गेले, थोडक्यात वाचली, आणि व्यवस्थापक सगळ्यांना गप्प बसवतायत, असं. त्यांनी ते त्याच दिवशी पुसलं. तेही तुझ्यासारख्याच मशीनवरून आलं होतं. ते म्हणतात, दोन्हीमागे एकच माणूस आहे, त्याला तलाव बंद पाडायचाय. ते जाळीवालं लिखाण कुणाचं ते कळलं, तर मासोळीला दुसऱ्याच दिवशी कामावर घेतील आणि पानही साफ करतील. तसा शब्द दिलाय मला.

मी घरी येऊन मासोळीला विचारलं, असं काही झालं होतं का गं? तर भिंतीकडेच तोंड.

मला ते नाव हवंय. तू म्हणशील, नोंद नसते. असं कुठे यंत्र असतं का? माझं शिवणाचं मशीनसुद्धा कुठल्या रंगाचा दोरा शेवटी लावला होता ते सांगतं. नाकाने कांदे सोलू नकोस. एकदा, फक्त घरच्यासाठी, बघ.

अक्का


६ फेब्रुवारी

अक्का,

एकदाच आणि घरच्यासाठी बघता आलं असतं, तर मी तुझं पहिलं पत्र वाचल्यावरच बघितलं असतं. बघायला काही नाही. दोऱ्याचा तुकडासुद्धा राहू नये अशीच ती यंत्रं मांडलेली असतात.

हो, जाळीच्या लिखाणाबद्दलही माझ्याकडे तक्रार आली होती. तलावाच्या वकिलाची होती, मोठ्या शब्दांची. त्यालाही मी तेच उत्तर दिलं. आज वाटतं, बरं झालं दिलं.

तू जरा एवढा विचार कर. जाळीचं लिखाण त्यांनी एका दिवसात पुसलं. मासोळीबद्दलचं महिनोन् महिने ठेवलंय. पालकांना झाकल्यासारखं वाटेल हे पहिल्या वेळी का नाही आठवलं?

मी आधीच्या कंपनीत होतो तेव्हा एका सहकाऱ्याने लिफ्टचे दोर झिजलेत असं वरच्या साहेबाला सही करून लिहून दिलं होतं. महिन्याभरात तो घरी बसला. दोर तेच राहिले. सही न करता सांगायची सोय असती तर, असं मला तेव्हा वाटलं आणि त्यातून हे दार उघडलं. त्या दारातून तुझ्या पोरीवर चिखल उडवणारा जातो, आणि जाळी सैल आहे असं सांगणाराही जातो. एकाला अडवून दुसऱ्याला सोडणं मला जमत नाही. जमलं असतं तर मी देव झालो असतो, लिफ्टवाला राहिलो नसतो.

तुला हात जोडून एक सांगतो. त्या व्यवस्थापकाकडे पुन्हा जाऊ नकोस. त्याच्याशी काही बोलू नकोस. का ते विचारू नकोस. मासोळीजवळ बस.

खटपट्या


१५ फेब्रुवारी

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र वाचून मला वाटलं, हा घाबरलाय. लहानपणापासून तू असाच. साहेबलोक म्हटले की तुझी बोबडी वळते. म्हणून मी ठरवलं की तुझ्या वतीने मीच बोलावं, आणि गेले पुन्हा. रागावू नकोस, काम झालंय असं दिसतंय.

मी त्यांना सरळ सांगितलं, तुम्ही ज्या यंत्रवाल्याच्या मागे लागलात तो परका कुणी नाही, माझा सख्ख्यासारखा मामेभाऊ आहे. फार सरळ मुलगा आहे. त्याच्याकडे नावं नाहीत म्हणतो तर नसतील. ते तोंड वाकडं करून म्हणाले, असले उद्योग गुन्हेगारच करतात. मला राग आला. म्हटलं, काही गुन्हेगार-बिन्हेगार नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे आला होता तेव्हा माझ्यासमोर त्याने मासोळीच्या कॉम्प्युटरवरही ते नाव न कळता लिहायचं बसवून दिलंय. कांद्याचं चित्र असतं त्यावर. तिनेच हौसेने मागून घेतलं. वाईट असतं तर मामाने भाचीला दिलं असतं का?

बघ, कशी गप्प केली! खरंच गप्प झाले. मग एकदम मऊ झाले, कॉफी मागवली. कधी बसवलं, मासोळीला चांगलं जमतं का ते, सगळं आपुलकीने विचारलं. मीही मोकळेपणाने बोलले. किती दिवसांनी कुणी आमच्याशी माणसासारखं बोललं रे. निघताना म्हणाले, तिला सोमवारी कार्यालयात पाठवा, हा विषय मिटवून टाकू.

मी घरी येऊन सांगितलं तर पोरगी उठून बसली. 'मिटवू' असंच म्हणाले का, म्हणून दोनदा विचारलं. आज तिने तो कुजका टॉवेल स्वतः धुतला. तुला काय सांगू, दोरीवर तो टॉवेल बघून मला रडू आलं.

अक्का


१९ फेब्रुवारी

अक्का,

तिला पाठवू नकोस. हे पत्र मी तिकडे निघालेल्या एका माणसाच्या हाती पाठवतोय, तरी सोमवारच्या आत पोचेल की नाही, ठाऊक नाही. तुमचे फोन लागत नाहीत. खालच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला निरोप देतो, पण त्याच्या आवाजावरून भरवसा वाटला नाही.

जाळीचं मासोळीने लिहिलं होतं. मला तिने कधी सांगितलं नाही आणि माझ्या यंत्राने तर नाहीच नाही. पण मागच्या वर्षी ते कांद्याचं बसवताना तिने मला विचारलं होतं, 'मामा, यातून लिहिलं तर वरिष्ठांना खरंच कळत नाही ना?' मी छाती पुढे काढून म्हणालो, 'साक्षात मलासुद्धा कळणार नाही.' तुझ्या पत्रात जाळीचं वाचलं तेव्हाच मला उमगलं.

तुला लिहिलं नाही, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या घराला माहीत आहे. चुकलो. तिला घरात ठेव. कुणी विचारलं तर ते चित्र बित्र मला काही समजत नाही, असं सांग.

खटपट्या


३० मार्च

खटपट्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं.

सोमवारी तिने इस्त्रीचा शर्ट घातला होता. केस नीट बांधले होते. मीच तिला रस्त्याच्या वळणापर्यंत सोडलं. आत व्यवस्थापक होते आणि दोन वकील. त्यांनी म्हणे फक्त एवढंच विचारलं, 'तुमच्या कॉम्प्युटरवर काय आहे ते तुमच्या आईने सांगितलंय. आता तुम्ही सांगता की पोलिसांना विचारायला लावू?' तिला कधी खोटं बोलता आलंय? हो म्हणाली. मग त्यांनी तिच्याकडून लिहून घेतलं की जाळी चांगली होती, केस अडकलेच नव्हते, मी सुडाने खोटं लिहिलं. खाली सही. नोकरी गेली ती गेलीच. तिच्याबद्दलची घाण अजून त्या पानावर तशीच आहे, आणि आता त्या घाणीच्या वर मासोळीची स्वतःची माफी लावलीय. वाचणाऱ्याला वाटतं, सगळंच खरं असणार.

घरी आली तेव्हा मी दारातच उभी होते. चप्पल काढता काढता तिने विचारलं, 'आई, तू त्यांना काय सांगितलंस?' मी सांगितलं. जसंच्या तसं, कॉफीसकट. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'तुला माहीतच नव्हतं गं.' आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लेकीने आईच्या पाठीवरून हात फिरवावा, असं मी काय केलं ते मला कळतंय.

मला सांगितलं असतंस तर मी तोंड शिवून बसले असते. माझा धंदाच शिवायचा आहे. तुम्हा दोघांना मी तेवढीही भरवशाची वाटले नाही. तू जगातल्या कुणाही परक्याचं गुपित सांभाळतोस आणि बहिणीवर तुझा विश्वास नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी मासोळी गेली. कपडे नेले, पोहण्याची पिशवी ठेवली. 'शोधू नकोस, मी बरी आहे' एवढंच म्हणाली. कुठे ते सांगितलं नाही. तुला ठाऊक असणार. तुझ्याशिवाय तिचं आहे कोण? ती कुठे आहे ते मला सांग. निदान हे तरी सांग.

अक्का


८ एप्रिल

अक्का,

तुझ्या पायाची शपथ, ती माझ्याकडे नाही. कुठे आहे ते मला माहीत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या लोकांना लिहून पाठवलंय की तुला लिहिताना लाज वाटली. पण खरं आहे.

व्यवस्थापकावर तुझा संशय असणार. माझाही आहे. ते घाणेरडं लिखाण त्याचंच असेल, किंवा त्याने कुणाला लिहायला लावलं असेल. जाळीचं मासोळीनेच लिहिलं असावं, असा त्याला आधीपासून वहीम असेल, खात्री तेवढी नव्हती. सिद्ध करता येणार नाही. मासोळीला शोधून काढायला त्यांना यंत्र लागलं नाही, त्याला पकडायला आपल्याकडे काही नाही.

दार बंद करावं असं रोज वाटतं. काल एका शाळेची तक्रार आली, तिथल्या शिपायाबद्दल कुणीतरी काहीबाही लिहिलंय. खरं की खोटं, मला कसं कळणार? मी नेहमीचं उत्तर लिहायला घेतलं आणि पुढे हात चालेना. मग तासाभराने तेच उत्तर पाठवलं. दुसरं काय पाठवू?

मासोळीचा पत्ता कळला तर तुला लगेच कळवीन. तिने नको म्हटलं तरी कळवीन.

खटपट्या


२ जून

चि. खटपट्यास आशीर्वाद.

परवा तलावात एक मुलगा गेला. त्या जाळीनेच. सात वर्षांचा होता. त्याच्या शाळेचा शर्ट मी शिवला होता, कॉलर त्याला टोचायची म्हणून दोनदा उसवून दिली होती. आता सगळीकडे विचारणा चाललीय की जाळी सैल आहे हे कुणाला माहीत होतं. तर कागदावर सही आहे मासोळीची, की जाळी चांगली होती. शिकवणारी बाई, रोज पाण्यात उतरणारी, तिने लिहून दिलं होतं, असं व्यवस्थापक सगळ्यांना दाखवत फिरतायत.

काल ते माझ्याकडे आले. एकटेच. बिस्किटांचा पुडा आणला होता. फार थकल्यासारखे दिसत होते. म्हणाले, तिच्या भल्यासाठीच विचारतो, ती कुठे आहे? चौकशीवाल्यांच्या आधी मी तिला भेटलो तर तिला वाचवता येईल. मी काही सांगणार नव्हते. देवाशपथ, मी ओठ आवळून बसले होते. पण ते बोलत राहिले, मुलाच्या आईबद्दल बोलले, आणि मला रडू आलं, आणि रडता रडता मी म्हणाले की तिची एक मैत्रीण आहे, समुद्राकाठी कुठेशी राहते, तिच्याकडे गेली असेल. ते लगेच उठले. पुडा तसाच राहिला.

मैत्रीण आहे की नाही हेही मला धड माहीत नाही. तिथे ती नसेल अशी आशा करत बसलेय. आईने अशी आशा करावी, बघ.

तू मागच्या पत्रात लिहिलंयस की कळलं की लगेच कळवीन. खटपट्या, मला कळवू नकोस. ती तुला भेटली, तिने लिहिलं, तिचा आवाज जरी ऐकलास, तरी मला नको सांगूस. मी विचारेन. पुढच्या पत्रात विचारेन, हातापाया पडेन, शिव्या देईन. तू मला तेच उत्तर पाठव, जे सगळ्यांना पाठवतोस.

अक्का